लांबलचक इंग्रजी शब्द फोडावा कसा

आठवीतला एक मुलगा माझ्यासमोर बसून इंग्रजीचा धडा मोठ्याने वाचत होता आणि ‘डिस्ट्रिब्यूशन’ या शब्दापाशी येऊन अडला. त्याने शब्दाखाली बोट ठेवले आणि सावकाश सुरुवात केली: डि, मग जरा थांबून स्ट्रि, मग ब्यू, मग श आणि सर्वांत शेवटी सुटा न. तुकडे पाच झाले, पण ते सलग म्हणताना त्याची जीभ ‘स्ट्रि’वर दोनदा अडखळली आणि शब्द काही जुळून येईना. मी त्याच्या वहीत तोच शब्द डिस-ट्रि-ब्यू-शन असा चार तुकड्यांत लिहून दिला, तेव्हा त्याने तो एका दमात वाचला. त्या मुलाचे चुकले असे म्हणता येत नाही. देवनागरी वाचताना आपण सगळे जे करतो, तेच त्याने इंग्रजीवर केले होते.

शब्द फोडण्याची कृती शिकण्याआधी मराठी वाचकाने स्वतःची ही सवय ओळखून ठेवावी, कारण आपली निम्मी अडचण तिथेच असते. देवनागरीत जोडाक्षरातील सगळी व्यंजने पुढच्या स्वराला चिकटवून लिहिली जातात. ‘पुस्तक’ हा शब्द आपण पु-स्त-क असा तीन अक्षरांत लिहितो, पण तोंडाने मात्र पुस्-तक असा दोनच ठोक्यांत म्हणतो. ‘सरकार’ लिहिताना चार अक्षरे लागतात, बोलताना सर्-कार हे दोन ठोके पुरतात. बोलण्यातील या एकेका ठोक्याला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात, आणि शब्द फोडायचा म्हणजे लिपीतील अक्षरे नव्हे, तर हे ठोके वेगळे करायचे. घोटाळा टाळण्यासाठी या लेखात ‘अक्षर’ हा शब्द देवनागरीच्या अक्षरासाठी, ‘वर्ण’ हा शब्द इंग्रजी स्पेलिंगमधील ए, बी, सी यांच्यासाठी आणि ‘सिलॅबल’ हा शब्द ठोक्यासाठी वापरला आहे.

ठोक्यांचा हा हिशेब खरे तर आपल्याला शाळेपासून येतो. कवितेचे वृत्त ओळखताना जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू धरायचे, हा नियम आपण यमाताराजभानसलगंच्या सोबतीने पाठ केलेला असतो. ‘पुस्तक’मधला पु ऱ्हस्व असूनही गुरू का होतो, याचे उत्तर असे की त्यापुढचा स् उच्चारात पुढे न जाता मागे येतो आणि पुला बंद करतो. त्याच नियमाला ‘तुम्ही’ आणि ‘कुऱ्हाड’ यांसारखे अपवाद आहेत, कारण तिथे म्ह आणि ऱ्ह हे एकाच श्वासात उच्चारले जातात आणि त्यांतले काहीही मागे येत नाही. ही दोन्ही निरीक्षणे इंग्रजी शब्द फोडताना जशीच्या तशी उपयोगी पडतात, आणि म्हणून पुढचे विवेचन मी लघु-गुरूच्या आधारानेच करणार आहे.

इंग्रजांच्या मुलांनाही पूर्वी आपल्यासारखेच फोडायला शिकवत असत, हे वाचून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. ‘क्लस्टर’ हा शब्द क्ल-स्टर असा, ‘हॅबिट’ हा हॅ-बिट असा आणि ‘बिशप’ हा बि-शप असा तोडण्याची पद्धत अठराव्या शतकात रूढ होती. अमेरिकेतील नोआ वेब्स्टर यांनी १७८३ साली काढलेल्या स्पेलिंगच्या पुस्तकात ही पद्धत बाजूला सारली आणि उच्चाराला धरून क्लस-टर, हॅब-इट, बिश-अप अशी फोड केली. आजची पाठ्यपुस्तके आणि शब्दकोश साधारणपणे याच वाटेने जातात.

आधी कडेचे तुकडे काढावेत

लांब शब्द समोर आला की डावीकडून वाचत सुटू नये. आधी त्याच्या सुरुवातीचा उपसर्ग आणि शेवटचा प्रत्यय शोधून त्यांच्या आधी-नंतर पेन्सिलीने उभी रेघ मारावी आणि मधला गाभा मोकळा करावा. अन, रि, डिस, मिस, प्रि, इन, सब, इंटर, ट्रान्स, ओव्हर हे उपसर्ग आणि मेंट, नेस, फुल, लेस, ली, एबल, इव्ह, शन, इंग हे प्रत्यय नजरेत बसले, की बरेचसे अवघड वाटणारे शब्द निम्म्याने आखूड होतात. ‘स्टेटमेंट’ हा शब्द मुले हमखास स्टे-टे-मेंट असा वाचतात, कारण मधला ई हा वर्ण त्यांना स्वर वाटतो. ‘मेंट’ काढून ठेवला, की ‘स्टेट’ हा ओळखीचा शब्द उरतो आणि त्याच्या शेवटी आलेला ई मुका आहे, हे आपोआप दिसते.

हे काम ठोके मोजण्याच्याही आधी का करायचे, याचे अधिक पक्के कारण पुढील शब्दांत आहे. ‘क्रीम’ या शब्दात ई आणि ए हे वर्ण मिळून एकच ‘ई’ असा आवाज देतात. तेच दोन वर्ण ‘रिॲक्ट’ या शब्दातही शेजारी-शेजारी आहेत, पण तिथे ‘रि’ हा उपसर्ग आणि ‘ॲक्ट’ हे क्रियापद असल्यामुळे त्यांच्यामधून रेघ जाते. ‘मिसहॅप’ हा शब्द तर सापळाच आहे. एस आणि एच शेजारी दिसताच डोळा त्यांचा ‘श’ करतो आणि वाचणारा ‘मिशॅप’ म्हणून मोकळा होतो. वास्तविक ‘मिस’ हा उपसर्ग संपतो तिथे एस संपतो आणि एच पुढच्या तुकड्याचा असतो. ‘अपहिल’मधील पी आणि एच यांची गोष्ट अशीच आहे, तिथे ‘फ’ होत नाही. शब्दाचे घटक आधी सुटे केले असतील तर असे सापळे पायाखाली येतच नाहीत.

अर्थात सुरुवातीला यू-एन दिसले म्हणून प्रत्येक वेळी तो ‘नकाराचा अन’ नसतो. ‘अंकल’मधून अन काढला तर उरलेल्या तीन वर्णांना काही अर्थ राहत नाही, ‘रीडिंग’मधून रि काढला तरी तसेच होते. कसोटी सोपी आहे: उपसर्ग काढल्यावर जे उरते ते स्वतंत्र शब्द म्हणून किंवा निदान दुसऱ्या एखाद्या शब्दाचा गाभा म्हणून आपल्याला भेटलेले असावे. ‘रिपोर्ट’मधील ‘पोर्ट’ हा तुकडा इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टेबल अशा शब्दांतून पुन्हा पुन्हा भेटतो आणि सगळीकडे वाहून नेण्याचा अर्थ घेऊन येतो, म्हणून तिथे रेघ मारणे योग्य ठरते.

काही उपसर्ग वेष पालटून येतात, आणि इथे मराठी वाचक इंग्रजाच्या एक पाऊल पुढे असतो. उत् आणि लास मिळून ‘उल्लास’ होतो, सत् आणि जन मिळून ‘सज्जन’ होतो, हा व्यंजनसंधी आपण शिकलेलो आहोत. लॅटिनमध्येही अगदी हेच घडते. नकाराचा ‘इन’ हा ‘लीगल’च्या आधी आला की ‘इल’ होतो आणि ‘इल्लीगल’ असे दोन एल असलेले स्पेलिंग तयार होते. ‘रेग्युलर’च्या आधी तो ‘इर’ होतो आणि ‘पॉसिबल’च्या आधी ‘इम’ होतो. सोबतीचा अर्थ सांगणारा ‘कॉन’ हा ‘कलेक्ट’मध्ये एल, तर ‘करेक्ट’मध्ये आर होऊन बसतो. स्पेलिंगच्या आरंभीच, पहिल्या स्वरानंतर लगेच, एकच व्यंजन दोनदा लिहिलेले दिसले तर आधी संधीचा संशय घ्यावा आणि त्या दोन जुळ्या वर्णांमधून रेघ मारून पाहावी. स्पेलिंगमध्ये तो वर्ण एकदा आहे की दोनदा, या गोंधळातूनही त्यामुळे सुटका होते.

प्रत्यय काढल्यावर गाभ्याची डागडुजीही करावी लागते. ‘रनिंग’मधून इंग काढले की दोन एन उरतात, त्यांतला एक प्रत्ययासाठी वाढवलेला असतो. ‘होपिंग’मध्ये पी एकदाच आहे, कारण मूळ ‘होप’चा शेवटचा ई गळलेला आहे, ‘हॉपिंग’मध्ये तो दोनदा आहे, कारण मूळ शब्द ‘हॉप’ आहे. भूतकाळाच्या ई-डी या प्रत्ययाबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवावी: मूळ क्रियापदाच्या शेवटी ट किंवा ड हा आवाज असेल तरच त्याचा स्वतंत्र ठोका होतो. म्हणून वॉन-टेड, नी-डेड हे दोन ठोक्यांचे शब्द आहेत, तर ‘जम्प्ट’ आणि ‘प्लेड’ हे एकेका ठोक्याचे. आपल्याकडे ‘जम्पेड’ सर्रास ऐकू येते.

ठोके मोजणे

गाभा मोकळा झाला की त्यातील स्वरांखाली ठिपके द्यावेत. स्वर म्हणजे ए, ई, आय, ओ, यू आणि शब्दाच्या सुरुवातीला नसलेला वाय. ठिपके देताना शब्दाच्या किंवा गाभ्याच्या शेवटी आलेला मुका ई खोडावा, क्यूच्या मागोमाग येणारा यू धरू नये, आणि एकच आवाज देणाऱ्या शेजारच्या स्वरांखाली कंस काढून त्यांना मिळून एकच ठिपका द्यावा. टी-आय-ओ-एन हा तुकडा डोळ्यांना दोन स्वरांचा दिसत असला तरी कानाला तो ‘शन’ असा एकच ठोका आहे. ‘स्पेशल’मधील सी-आय-ए-एल आणि ‘प्रेशस’मधील सी-आय-ओ-यू-एस यांचेही तसेच. जेवढे ठिपके उरतील तेवढे सिलॅबल. ‘डिस्ट्रिब्यूशन’मध्ये चार, ‘रिस्पॉन्सिबिलिटी’मध्ये सहा. हनुवटीखाली तळहात धरून शब्द म्हणावा आणि जबडा किती वेळा खाली आला ते मोजावे, असाही एक उपाय लहान मुलांना सांगतात. तो उपयोगी आहे, पण शब्द आधीपासून नीट म्हणता येत असेल तरच, म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्या तो फारसा कामाचा नाही.

आता प्रश्न उरतो रेघ नेमकी कुठे मारायची याचा. दोन ठिपक्यांच्या मध्ये दोन व्यंजने असतील तर त्यांच्यामधून मारावी: नॅप-किन, बास-केट, विन-डो. ती दोन व्यंजने मिळून ‘तुम्ही’तल्या म्हसारखा एकच आवाज देत असतील, म्हणजे एस-एच, सी-एच, टी-एच, पी-एच अशी जोडी असेल, तर ती फोडू नये, म्हणून फा-दर आणि डॉल-फिन. तीन किंवा चार व्यंजने एकत्र आली असतील, तर त्यांतली शेवटची किती व्यंजने एखाद्या इंग्रजी शब्दाच्या आरंभी येऊ शकतात ते पाहावे आणि तेवढी पुढे ढकलावीत. ‘हंड्रेड’मध्ये डी-आर पुढे जातात, ‘पम्पकिन’मध्ये एकटा के, आणि ‘कन्स्ट्रक्शन’मध्ये एस-टी-आर ही तिघे मिळून पुढे जातात, कारण ‘स्ट्रीट’, ‘स्ट्राँग’ असे शब्द त्यांनीच सुरू होतात. मात्र उपसर्गाची रेघ आधीच पडली असेल तर ती वरचढ ठरते. ‘डिस्ट्रिब्यूशन’मधील एस हा ‘डिस’चा आहे, त्याला पुढे ओढता येत नाही.

शेवटी एल-ई असलेल्या शब्दांसाठी एक हुकमी युक्ती आहे. शेवटून तीन वर्ण मोजावेत आणि तिथे रेघ मारावी. ‘टायटल’ आणि ‘लिटल’ या दोन शब्दांच्या स्पेलिंगवर हे करून पाहिले, तर पहिल्यात रेघेच्या डावीकडे टी-आय एवढेच उरते आणि सिलॅबल उघडे राहून ‘टाय’ असा दीर्घ उच्चार होतो. दुसऱ्यात एल-आय-टी उरतात, टी सिलॅबलला बंद करतो आणि ‘लिट’ असा आखूड उच्चार होतो. सी-के-एल-ई हा शेवट असेल तर मात्र सी-के एकत्र ठेवून पिक-ल, टिक-ल अशी फोड करावी.

एकटे व्यंजन कोणाचे?

सर्वांत जास्त वाद होतो तो दोन स्वरांच्या मध्ये एकटे व्यंजन सापडते तेव्हा. ‘टायगर’ची फोड टाय-गर होते, ‘कॅमल’ची मात्र कॅम-अल. स्पेलिंगमध्ये दोन्हीकडे एकच व्यंजन आहे, मग पहिल्यात ते पुढे गेले आणि दुसऱ्यात मागे का आले? पुष्कळ पुस्तके एवढेच सांगतात की आधी व्यंजनाच्या अलीकडे रेघ मारून दीर्घ स्वराने म्हणून पाहावे, आणि ओळखीचा शब्द ऐकू आला नाही तर रेघ पलीकडे नेऊन ऱ्हस्व स्वराने म्हणावे. व्यवहारात हे पुरते, आणि मीही मुलांना हेच करायला लावतो.

पण त्यामागचे कारण लघु-गुरूच्या भाषेत फार सोपे होते. इंग्रजीत ज्या सिलॅबलवर आघात, म्हणजे उच्चाराचा जोर, असतो ते लघू राहू शकत नाही. त्याला गुरू व्हायला दोनच मार्ग आहेत, आपल्या वृत्तांत आहेत तेच: एक तर त्याचा स्वर दीर्घ व्हावा, नाहीतर पुढच्या व्यंजनाने मागे येऊन त्याला बंद करावे. ‘टायगर’ने पहिला मार्ग पत्करला, ‘कॅमल’ने दुसरा. ‘सुपर’ आणि ‘सपर’, किंवा ‘डायनर’ आणि ‘डिनर’ या जोड्यांमध्ये स्पेलिंग करणाऱ्यांनी हा फरक व्यंजन दोनदा लिहून दाखवला आहे: एक पी असलेला सू-पर, दोन पी असलेला सप-पर. ‘कॅमल’मध्ये तसा तो दाखवला नाही, म्हणून तिथे कानावर विसंबावे लागते. अशा एकट्या व्यंजनाला कुठल्या बाजूचे मानावे याविषयी ध्वनिशास्त्राच्या अभ्यासकांत एकमत नाही. पण वाचायला शिकणाऱ्याच्या दृष्टीने शब्दकोशांचा हा संकेत सोयीचा आहे, कारण रेघ पाहूनच स्वर दीर्घ म्हणायचा की ऱ्हस्व ते कळते.

हे एकदा कळले की घटक आणि ठोके यांची रेघ कधी कधी वेगवेगळ्या ठिकाणी का पडते, तेही उलगडते. ‘थर्मोमीटर’चे घटक थर्मो म्हणजे उष्णता आणि मीटर म्हणजे मोजमाप, पण इंग्रज त्याचे ठोके थर-मॉम-इ-टर असे करतो, कारण आघात दुसऱ्या सिलॅबलवर येतो आणि ते सिलॅबल ‘मीटर’मधला एम आपल्याकडे ओढून घेते. फोटो आणि ग्राफ यांचा मिळून ‘फोटोग्राफ’ होतो तेव्हा आघात पहिल्या ठोक्यावर असतो. ‘फोटोग्राफी’ होताच तो दुसऱ्यावर सरकतो, त्या ठोक्याला जी बंद करतो आणि उच्चार फ-टॉग-र-फी असा होतो. आपण मराठीत फो-टो-ग्रा-फी असा चारही ठोक्यांना सारखे वजन देत म्हणतो आणि त्यात वावगे काही नाही, कारण मराठीत तो शब्द आता मराठी चालीने चालतो. इंग्रजी बोलताना किंवा ऐकून समजून घेताना मात्र हा फरक ठाऊक असावा लागतो.

‘हेलिकॉप्टर’ची कथा याहून मजेची आहे. ग्रीक भाषेत हेलिक्स म्हणजे मळसूत्र आणि टेरॉन म्हणजे पंख. टेरॉनच्या स्पेलिंगमध्ये टीच्या आधी एक मुका झालेला पी आहे, तो ‘टेरोडॅक्टिल’मध्येही दिसतो. म्हणजे घटक पाडायचे तर ते ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असे पडतात, ठोके मात्र हेल-इ-कॉप-टर. सामान्य माणसाने यातले काहीच न पाहता शब्द मधोमध ‘हेलि’ आणि ‘कॉप्टर’ असा तोडला आणि त्या चुकीच्या तुकड्यांपासून ‘हेलिपॅड’ आणि ‘क्वाडकॉप्टर’ हे शब्द तयार केले, जे आज शब्दकोशात मानाने बसले आहेत. व्युत्पत्तीचा आग्रह धरणाऱ्याने हे उदाहरण अधूनमधून आठवावे.

आघात कुठे आहे हे शोधायला प्रत्यय मदत करतात. ‘शन’ने संपणाऱ्या शब्दात आघात त्याच्या लगेच आधीच्या ठोक्यावर असतो: एज्युकेशनमध्ये ‘के’वर, इन्फर्मेशनमध्ये ‘मे’वर. ‘इक’ने संपणाऱ्या शब्दातही बहुधा तसेच होते, जरी ‘पॉलिटिक्स’सारखे काही शब्द तो नियम मोडतात. ‘इटी’ने संपणाऱ्या शब्दात आघात शेवटून तिसऱ्या ठोक्यावर असतो, म्हणून इलेक्ट्रिसिटीमध्ये ‘ट्रिस’वर. आघात नसलेल्या ठोक्यांतील स्वर, मग स्पेलिंगमध्ये ए असो, ई असो की ओ, बहुतेक वेळा विरघळून आपल्या ऱ्हस्व ‘अ’च्या जवळ येतो. म्हणून इंग्रजाच्या तोंडी ‘बनाना’मध्ये केवळ मधला ‘ना’ ठसठशीत ऐकू येतो. स्पेलिंग पाठ करताना मात्र याच्या नेमके उलट करावे आणि प्रत्येक स्वर मनात पूर्ण वजनाने म्हणावा. ‘वेड-नेस-डे’ असे घोकून ज्यांनी बुधवारचे स्पेलिंग पक्के केले त्यांना या युक्तीचे मोल वेगळे सांगायला नको.

एक शब्द सुरुवातीपासून शेवटपर्यंत

‘अनप्रेडिक्टेबिलिटी’ हा सोळा वर्णांचा शब्द घेऊ. डावीकडे ‘अन’ दिसतो, तो काढल्यावर ‘प्रेडिक्टेबिलिटी’ असा खरा शब्द उरतो, म्हणून रेघ योग्य. त्यापुढे ‘प्रि’ म्हणजे आधी. उजवीकडून ‘इटी’ काढला की आय-एल ने संपणारा एक विचित्र तुकडा उरतो. इथे डागडुजीची गरज आहे, कारण ‘एबल’ला ‘इटी’ जोडताना एल-ई या शेवटाचे आय-एल होते. ‘एबल’ही बाजूला ठेवला की मध्ये ‘डिक्ट’ हा गाभा राहतो. तो डिक्टेशन, डिक्शनरी, कॉन्ट्रडिक्ट यांत भेटलेला आहे आणि लॅटिनमध्ये त्याचा अर्थ सांगणे, बोलणे असा आहे. आधी सांगणे म्हणजे भाकीत; भाकीत करता येण्याजोगे; तसे नसण्याचा गुण. अर्थ शब्दकोश न उघडता हाती आला.

आता ठोके. ठिपके सात पडतात. रेघा मारल्यावर अन-प्रि-डिक्ट-अ-बिल-इ-टी असे तुकडे मिळतात. शेवटी ‘इटी’ असल्यामुळे आघात शेवटून तिसऱ्या ठोक्यावर, म्हणजे ‘बिल’वर. लघु-गुरूने ताळा करून पाहावा: आघात असलेला ठोका ‘बि’ असा लघू राहू शकत नाही, म्हणून एल मागे येऊन त्याला बंद करतो, आणि रेघ बरोबर पडली याची खात्री पटते. आता ‘बिल’वर जोर देऊन आणि त्याच्या आधीचा ‘अ’ जेमतेम उच्चारून शब्द दोनदा म्हणावा, तिसऱ्यांदा रेघांकडे न पाहता म्हणावा, आणि मग रेघा खोडून टाकाव्यात.

घटकांचे हे ज्ञान दवाखान्याच्या कागदांवर फार उपयोगी पडते. ‘आयटिस’ हा शेवट दाह सांगतो, म्हणून टॉन्सिलायटिस. ‘एक्टमी’ हा शेवट कापून काढणे सांगतो, म्हणून टॉन्सिलेक्टमी. ‘इलेक्ट्रोकार्डिओग्राम’ हा शब्द वीज, हृदय आणि लिहिलेली आकृती अशा तीन घटकांचा आहे, आणि त्यातील ‘कार्डिया’ हा ग्रीक शब्द आपल्या ‘हृद्’चाच दूरचा भाऊ आहे. अशी नाती पुष्कळ आहेत: डेंटिस्टमधील दंत, पेडेस्ट्रियनमधील पद, नेव्हिगेशनमधील नौ, आणि नेशन या शब्दाच्या मुळाशी असलेला जन्. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषांचा उगम एक असावा, ही गोष्ट विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे मांडली होती. शब्द लक्षात ठेवायला तिचा आजही उपयोग होतो.

मात्र ओळखीच्या तुकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ‘ऑर्थोपेडिक’मधील ‘पेड’ पाहून पायाची आठवण येते, पण तो लॅटिनचा पाय नसून ग्रीकमधले मूल आहे, ‘पेडियाट्रिक’मध्ये आहे तेच. निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने १७४१ साली हा शब्द बनवला तो मुलांच्या शरीरातील व्यंग सरळ करण्याच्या विद्येसाठी. महामार्गावर टँकरच्या पाठीमागे ‘हायली इन्फ्लेमेबल’ असे लिहिलेले असते, आणि त्यातील ‘इन’ हा नकाराचा समजणाऱ्याला वाटेल की हा पेट न घेणारा माल आहे. इथला ‘इन’ ‘इन्फ्लेम’ या क्रियापदातला, म्हणजे आत ज्वाळा लागण्यातला आहे. हा घोटाळा जिवावर बेतू शकतो म्हणून अमेरिकेत सूचनांमध्ये ‘इन’ गाळून नुसते ‘फ्लेमेबल’ लिहिण्याची पद्धत पाडली गेली. आपल्याकडच्या टँकरांवर जुना शब्द अजून दिसतो.

स्वतःची फोड शब्दकोशाशी ताडून पाहताना एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. कित्येक शब्दकोशांत मुख्य शब्दाच्या मध्ये जे ठिपके असतात, ते ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडता येईल हे दाखवतात, ठोके नव्हेत. ओळीच्या शेवटी एकटा वर्ण सोडणे वाईट दिसते, म्हणून ‘अबाउट’ या दोन ठोक्यांच्या शब्दात काही कोश ठिपका देतच नाहीत. शिवाय अमेरिकन कोश उच्चाराकडे झुकतात आणि ब्रिटिश परंपरा घटकांकडे, त्यामुळे ‘नॉलेज’ हा शब्द अमेरिकेत एलच्या नंतर तुटतो आणि ब्रिटनमध्ये ‘नो’ हे क्रियापद अखंड ठेवून एलच्या आधी. ठोके पाहायचे असतील तर कंसातील उच्चाराकडे पाहावे. ‘व्हेजिटेबल’ची फोड कागदावर चार तुकड्यांची होते, पण बोलताना बहुतेक जण तीनच ठोक्यांत म्हणतात, ‘कम्फर्टेबल’चेही तेच.

गावांच्या आणि माणसांच्या नावांवर ही पेन्सिल चालवू नये. इंग्लंडमधील लेस्टर आणि वुस्टर या शहरांच्या स्पेलिंगमध्ये सरळ सरळ तीन-तीन ठिपके पडतात आणि प्रत्यक्षात ठोके दोनच आहेत. तिथे नियम लावत बसण्यापेक्षा तिथल्या माणसाला विचारलेले बरे, जसे ‘शीव’ला ‘सायन’ का म्हणतात हे मुंबईकरालाच विचारावे लागते.